पिलाला लस कोणत्या दिवशी? मातृप्रतिपिंडे आणि कुक्कुटलसीकरणाचा इतिहास

कोंबड्यांच्या साथींवरील लशींचा इतिहास बहुधा नामावळीच्या रूपाने सांगितला जातो. अमुक साली अमुक वाण सापडला, अमुक साली तो क्षीण करण्यात आला, पुढे त्याहून सौम्य असा दुसरा वाण हाती आला, असा त्याचा क्रम असतो. अध्यापनाला तो सोयीचा आहे. परंतु विषयाचे मर्म त्यातून निसटते. कोवळ्या पिलांच्या लसीकरणात ज्या प्रश्नाने संशोधकांना सर्वांत अधिक काळ छळले, तो लस कोणती द्यावी हा नसून ती कोणत्या दिवशी द्यावी हा होता. लस एकच, पिलांची जात एकच, लस देणारा हातही एकच. तरी एका खुराड्यात ती लागू पडे आणि शेजारच्या खुराड्यात वाया जाई. ह्या विसंगतीचे कारण पिलात शोधून सापडण्यासारखे नव्हते. ते अंडे घालणाऱ्या कोंबडीच्या रक्तात होते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. लस देऊनही पिले मेली की पाळणारा लशीला दोष देतो, लस बनवणारा ती वाहून नेणाऱ्याला देतो, आणि पुढच्या खेपेला लस देण्याचेच टाळले जाते. लस निष्फळ ठरली असे जे नेहमी म्हटले जाते, त्यांतील बऱ्याच प्रसंगी लस निर्दोष असून दिवस चुकलेला असतो. हा दिवस कसा कळला आणि तो हातचा का निसटत राहिला, ह्याची हकीकत पाहण्यासारखी आहे.

आईकडून अपत्याला रोगापासूनचे संरक्षण कसे मिळते, ह्याचा शास्त्रशुद्ध विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १८९२ मध्ये पॉल एर्लिख ह्यांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. वनस्पतिज विषांना सरावलेल्या माद्यांची पिले त्यांनी साध्या माद्यांना पाजावयास दिली आणि साध्या माद्यांची पिले सरावलेल्या माद्यांकडे सोपवली. ह्या अदलाबदलीतून असे दिसले की, संरक्षण बीजातून उतरत नाही. ते तयार स्वरूपात आईकडून, विशेषतः तिच्या दुधातून मिळते, आणि म्हणूनच ते टिकाऊ नसते. अपत्याने स्वतः कमावलेली प्रतिकारशक्ती आणि त्याला उसनी मिळालेली प्रतिकारशक्ती ह्यांतील फरक येथे पक्का झाला. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, फेलिक्स क्लेम्पेरर ह्यांनी धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतील पिवळ्या बलकात त्या विषाचा उतारा सापडतो असे दाखवले. पक्षिणी पिलाला दूध पाजत नाही. जे द्यायचे ते ती अंड्यातच बांधून देते. ही शिदोरी एकदाच मिळते, ती पुन्हा भरता येत नाही.

क्लेम्पेरर ह्यांच्या शोधाचा कुक्कुटपालनाशी संबंध जोडला जाण्यास मात्र जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. ह्याचे कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. त्या काळात प्रयोगशाळेतील कोंबडी हे माणसाच्या रोगांचा अभ्यास करण्याचे एक साधन होते. कोंबडीच्या पिलाचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारण्याजोगा मानला नव्हता. १९३४ मध्ये ज्यूक्स, फ्रेझर आणि ऑर ह्यांनी घटसर्पाच्या विषाचा उतारा कोंबडीतून अंड्यात जातो हे दाखवले, तेव्हाही विचाराचा रोख घटसर्पाकडेच होता.

दृष्टी पिलाकडे वळली ती एका नव्या रोगामुळे. १९२६ मध्ये जावा बेटावर क्रानेव्हेल्ड ह्यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळच्या कोंबड्यांत डॉइल ह्यांनी एका अतिशय घातक साथीची नोंद केली. डॉइल ह्यांनी तिला गावाचे नाव दिले ते तात्पुरते म्हणून. पण ते कायम झाले. १९२७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरांतील रानीखेत येथे असाच रोग उद्भवला आणि जवळच्याच मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेचे संचालक एडवर्ड्‌स ह्यांनी १९२८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. हिंदुस्थानात तो राणीखेत म्हणून ओळखला जाऊ लागला. मान पिळवटून पडलेल्या कोंबड्या पाहून महाराष्ट्रातील पाळणाऱ्यांनी त्याला मानमोडी म्हटले. तिन्ही नावांत हेच नाव रोगाविषयी काही सांगते, हे नमूद करण्यासारखे आहे.

मुक्तेश्वरच्या ह्या संस्थेचे मूळ पुण्यात आहे. १८८९ मध्ये तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ह्या नावाने ती स्थापन झाली आणि १८९३ मध्ये थंड व एकांत जागा म्हणून मुक्तेश्वरला हलवण्यात आली. तिचा मुख्य उद्योग गुरांच्या बुळकांडीशी झुंजण्याचा होता. बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा संक्रमित करून गुरांपुरता सौम्य करण्याचा मार्ग एडवर्ड्‌स ह्यांनी तेथेच चोखाळला होता. मानमोडीचा विषाणूही त्याच रीतीने सौम्य करावा हे ओघानेच आले. फक्त शेळीच्या जागी उबवणीतील अंड्यामधला गर्भ आला. इंग्लंडमध्ये अय्यर आणि डॉब्सन ह्यांनी १९४० मध्ये ह्या मार्गाने लस तयार केली. मुक्तेश्वर येथे हॅडो आणि इदनानी ह्यांनी १९४६ मध्ये तोच मार्ग घेऊन जो वाण मिळवला, तो मुक्तेश्वर वाण म्हणून सर्वत्र पोचला. भारतीय पाळणाऱ्यांना आर-टू-बी ह्या नावाने परिचित असलेली लस हीच होय.

ह्या लशीने मोठ्या पक्ष्याला दीर्घकाळचे संरक्षण मिळते. परंतु ती पुरती सौम्य झालेली नव्हती. कोवळ्या पिलांना ती दिली तर काही पिले लुळी पडत, काही मरत. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या आत ती देऊ नये, असा दंडक पडला. मग पहिल्या सहा आठवड्यांत पिलाचे रक्षण कोणी करावे? कुक्कुटलसीकरणाचा अवघड भाग येथून सुरू होतो.

अमेरिकेत हा रोग प्रथम कॅलिफोर्नियात वेगळ्याच नावाने नोंदला गेला होता. तो न्यूकॅसलचाच रोग आहे हे बीच ह्यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, ब्रँडली, मोझेस आणि युंगहेर ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती असलेल्या कोंबडीकडून विषाणुविरोधी गुण अंड्यावाटे पिलात उतरतो आणि पिलू जन्मतः उसने संरक्षण घेऊन येते, हे त्यांनी प्रत्यक्ष ह्या रोगाच्या संदर्भात दाखवले. क्लेम्पेरर ह्यांचा बलक अखेर पिलापर्यंत पोचला. मुक्तेश्वर लशीने ठेवलेली सहा आठवड्यांची खिंड काही अंशी आईच भरून काढत होती, असे ह्या निबंधावरून म्हणता आले असते. पण किती अंशी आणि किती दिवस, हे ठरायचे होते.

ह्याच सुमारास अतिसौम्य वाण हाती आले. न्यू जर्सीमधील लासोटा ह्यांच्या कुक्कुटशाळेतून १९४६ मध्ये मिळालेला लासोटा वाण, ब्लॅक्सबर्ग येथे हिचनर ह्यांनी ओळखलेला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला बी-वन वाण, आणि १९५२ मधील ॲस्प्लिन ह्यांचा एफ वाण. ह्यांना क्षीण करावे लागले नाही. निसर्गतःच ते सौम्य होते. एक दिवसाच्या पिलालाही ते धोक्याशिवाय देता येत होते. प्रश्न सुटला असे वाटावे, अशी ही वेळ होती.

तो सुटला नाही. जिवंत लशीचे कार्य असे असते की, विषाणू पिलाच्या शरीरात थोडा वाढतो, आणि त्या वाढीची दखल घेऊन शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवते. पण पिलाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे भरपूर असतील, तर ती लशीतल्या विषाणूलाही शत्रूच समजतात आणि तो वाढण्यापूर्वीच त्याला निकामी करतात. लस दिल्याची नोंद होते; पिलू मात्र काही शिकत नाही. तीन आठवड्यांनी आईची शिदोरी संपते आणि लस घेतलेले पिलू साथीपुढे निहत्ते उभे राहते. ज्या पिलांच्या आया रोगातून वाचलेल्या किंवा उत्तम लसीकरण झालेल्या असत, नेमकी तीच पिले लशीला दाद देत नसत. आईची काळजी जितकी चांगली घ्यावी, तितकी पिलाची लस लांबणीवर पडावी, असा हा विचित्र संबंध होता. माणसाच्या मुलाला गोवराची लस नऊ महिने थांबून देतात, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. पण तेथे महिन्यांचा हिशेब आहे, येथे दिवसांचा.

हा हिशेब मांडण्यासाठी प्रथम प्रतिपिंडांचा प्रवास समजणे आवश्यक होते. कोंबडीच्या रक्तातील प्रतिपिंडे अंडाशयात वाढत असलेल्या बलकात साठतात. तो बलक पूर्ण होण्यास दिवस लागत असल्यामुळे कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे आल्यानंतर पाच-सहा दिवसांनी ती अंड्यात ठळकपणे दिसतात. उबवणी एकवीस दिवसांची असते. तिच्या अखेरच्या काही दिवसांत बलकातून गर्भाच्या रक्तात होणारी त्यांची ने-आण सर्वांत वेगाने चालते. पिलू बाहेर येते तेव्हा उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, आणि पहिल्या काही दिवसांत तेथूनही थोडी भर पडते. पक्ष्यांची ही प्रतिपिंडे सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडांहून रचनेने भिन्न आहेत, म्हणून १९६९ मध्ये लेस्ली आणि क्लेम ह्यांनी त्यांना आयजीवाय असे स्वतंत्र नाव सुचवले. त्यापूर्वीच, १९६२ मध्ये, पॅटर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रथिने नवजात पिलाच्या रक्तात सुमारे तीन दिवसांत निम्मी होतात असे मोजले होते. पिलू झपाट्याने वाढते, रक्त वाढते आणि प्रतिपिंडे विरळ होतात. म्हणून जलद वाढणाऱ्या ब्रॉयलर पिलात ती लवकर संपतात आणि सावकाश वाढणाऱ्या अंड्यांवरच्या जातीत अधिक दिवस टिकतात.

मानमोडीच्या बाबतीत मोजणीचे साधन विषाणूच्या एका गुणधर्मातून मिळाले. इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींचे पुंजके बनवतो हे १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट ह्यांनी दाखवले होते. मानमोडीचा विषाणूही तसेच करतो. प्रतिपिंडे असलेला रक्तरस ह्या पुंजक्यांना रोध करतो, आणि रक्तरस किती पट पातळ केल्यावरही हा रोध टिकतो त्यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण, म्हणजे टायटर, ठरते. ॲलन, लँकेस्टर आणि टॉथ ह्यांनी १९७८ मध्ये अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे टायटर साधारणपणे साडेचार दिवसांत निम्मे होते असा हिशेब दिला आहे. एका दिवसाच्या काही पिलांचे रक्त तपासले की लशीचा दिवस कागदावर काढता येतो, ही कल्पना येथून रुजली.

मानमोडीपुरती एक पळवाटही सापडली. हा विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरावर वाढू शकतो. रक्तातली आईची प्रतिपिंडे तेथे कमी पोचतात. म्हणून सौम्य लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकला, तर आईची प्रतिपिंडे असतानाही पिलाच्या अस्तरावर स्थानिक प्रतिकार उभा राहतो. रक्तात प्रतिपिंडे चढत नाहीत, संरक्षण फार काळ टिकत नाही. पण पहिला अडसर पार होतो. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ वाणाचा थेंब, पुढे पुन्हा तीच लस, आणि सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी, हा जो क्रम भारतात रूढ झाला, तो ह्या तडजोडीचा परिणाम आहे. पुण्याजवळ औंध येथील शासकीय संस्थेत तयार होणाऱ्या राणीखेतच्या लशींमुळे हा क्रम महाराष्ट्रातील पाळणाऱ्यांच्या अंगवळणी पडला.

गंबोरो रोगाने ही पळवाट बंद केली. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या गंबोरो ह्या ठिकाणावरून नाव पडलेला हा रोग १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह ह्यांनी वर्णिला. त्याचा विषाणू कोंबडीच्या गुदद्वाराजवळील एका लहान पिशवीवर, बर्सावर, हल्ला करतो. ही पिशवी कशासाठी आहे हे १९५६ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या वर्गातील प्रात्यक्षिकासाठी वापरल्या गेल्या आणि त्यांनी प्रतिपिंडे बनवलीच नाहीत, एवढ्यावरून ग्लिक, चँग आणि जॅप ह्यांनी तिचे कार्य ओळखले. अमेरिकेतील प्रख्यात ‘सायन्स’ नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. तो एका कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात छापला गेला आणि कित्येक वर्षे उपेक्षित राहिला. कुक्कुटशास्त्राकडे पाहण्याची विद्वानांची ही नजर क्लेम्पेरर ह्यांच्या काळापासून फारशी बदलली नव्हती.

बर्सा ही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची पाठशाळा आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गंबोरोचा विषाणू तेथे शिरला, तर पिलू वरकरणी आजारी दिसत नाही. पण पुढे ते कोणत्याही लशीला नीट दाद देत नाही. ॲलन, फॅरागर आणि कलेन ह्यांनी १९७२ मध्ये दाखवले की, अशा पिलांना मानमोडीची लस देऊनही ती फुकट जाते. भारतात ह्या रोगाची नोंद १९७१ मध्येच झाली होती. त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांचे मोल एकाएकी वाढले. जी प्रतिपिंडे लशीच्या आड येतात म्हणून खटकत होती, तीच आता पहिल्या तीन आठवड्यांत बर्साची राखण करणारी ठरली. पैदाशीच्या तलंगांना अंड्यावर येण्यापूर्वी तेलमिश्रित मृत लस टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे मुद्दाम वाढवण्याची रीत पडली. आईला लस द्यावयाची ती पिलासाठी, हा विचार कुक्कुटपालनात येथे स्थिर झाला.

आणि येथेच सर्वांत मोठा धक्का बसला. १९८६-८७ च्या सुमारास बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये गंबोरोचा एक अतिघातक वाण प्रकट झाला. अंड्यांवरच्या जातीच्या तलंगांत काही ठिकाणी निम्म्याहून अधिक पक्षी मेले. पुढील काही वर्षांत तो आशियातही पसरला. त्याच्या मारकपणाइतकाच त्याचा दुसरा गुण चिंताजनक होता: आईच्या प्रतिपिंडांची जी पातळी सौम्य लशीला रोखून धरत होती, त्याच पातळीला हा विषाणू भेदून जात होता. त्यामुळे पिलाच्या आयुष्यात काही दिवस असे येत की, आईची प्रतिपिंडे लशीला आत येऊ देत नाहीत आणि रोगाला बाहेर ठेवू शकत नाहीत. ह्या दिवसांत पिलाचे रक्षण आई करत नाही आणि लसही करत नाही.

ही फट अरुंद करण्याचे दोन मार्ग निघाले. एक, लस थोडी अधिक तिखट करावी, म्हणजे ती अधिक प्रतिपिंडांतूनही वाट काढील. पण अशी लस स्वतःच बर्साला काही प्रमाणात इजा करते. दुसरा मार्ग गणिताचा. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथे सिद्ध झालेले आणि त्या गावाच्याच नावाने ओळखले जाणारे सूत्र एका दिवसाच्या पिलांच्या टायटरवरून लशीचा दिवस काढते. समजा, तपासणीत पिलांचे टायटर ४,००० आले, आणि वापरावयाची मध्यम लस १२५ टायटरला भेदून जाते. ४,००० चे १२५ होण्यास पाच वेळा निम्मे व्हावे लागते. ब्रॉयलरमध्ये अर्धायुष्य तीन दिवसांचे धरल्यास पंधरावा दिवस येतो. तिखट लस ५०० लाच भेदत असेल, तर तीनदाच निम्मे व्हावे लागते, आणि नववा दिवस पुरतो. सहा दिवसांचा हा फरक साथीच्या काळात कळपाच्या जिवावर बेतणारा असतो.

परंतु सूत्र कळपाला एक मानते आणि कळप एक नसतो. उबवणूक केंद्रात वेगवेगळ्या वयांच्या कळपांची अंडी एकत्र होतात. एकाच खोक्यातून आलेल्या पिलांत कोणाचे टायटर १,००० असते, कोणाचे ८,०००. आठ पटींचा हा फरक म्हणजे तीन अर्धायुष्ये, म्हणजेच नऊ दिवस. पहिल्या पिलाला ज्या दिवशी लस उशिरा झाली, त्याच दिवशी दुसऱ्याला ती फार लवकर झालेली असते. सरासरी काढून दोघांचेही नुकसान होऊ शकते. पुष्कळ ठिकाणी दोनदा लस देण्याचा प्रघात पडला तो ह्यामुळे. दुसरी मात्रा पहिलीला बळकटी देण्यासाठी असते असा समज रूढ असला, तरी पहिल्या खेपेला जी पिले लशीला बंद होती त्यांना गाठणे, हाच तिचा निम्मा हेतू असतो.

अलीकडे दिवसाचा प्रश्न वळसा घालून टाळण्याचे प्रयत्न झाले. १९८२ मध्ये शर्मा आणि बर्मेस्टर ह्यांनी टर्की पक्ष्यातील नागीण-वर्गीय विषाणूची लस उबवणीच्या अठराव्या दिवशी अंड्यातच टोचता येते, हे मारेक रोगाच्या संदर्भात दाखवले. हा विषाणू पेशींच्या आत दडून राहतो, म्हणून आईची प्रतिपिंडे त्याला सहजी गाठत नाहीत. त्याच्या जनुकसंचात गंबोरोचा किंवा मानमोडीचा एखादा घटक बसवला, तर आईच्या पहाऱ्यातूनही लस आत जाते. गंबोरोचा विषाणू मोजक्या प्रतिपिंडांशी आधीच बांधून देण्याची युक्तीही १९९५ पासून ज्ञात आहे. आईची प्रतिपिंडे उतरेपर्यंत तो विषाणू जणू थांबून राहतो, आणि प्रत्येक पिलू आपापल्या दिवशी लस घेते. मोठ्या उबवणूक केंद्रांना हे परवडते. यंत्र लागते, शीतसाखळी लागते, आणि पिले हजारांनी एकदम निघावी लागतात.

खेड्यातील खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा-बारा पिलांना ह्यांतले काहीही लागू पडत नाही. तेथे आईच्या टायटरचा अंदाज बांधण्याचे साधन नाही. मागच्या मानमोडीतून वाचलेली कोंबडी असेल तर तिची पिले काही आठवडे तरतात. दोन वर्षे साथ फिरकली नसेल तर त्याच घरातली पिले जन्मतःच उघडी असतात. क्वीन्सलँड विद्यापीठात स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली, उष्णतेत तग धरणारी आय-टू लस ह्या परिस्थितीसाठी आहे. आफ्रिकेत टांझानिया आणि मोझांबिक येथील खेड्यांतून ती वापरली गेली. तिच्या वापराचा नियम वरील सर्व हिशेबांपेक्षा निराळा आहे: वय पाहू नये, आई पाहू नये, दर चार महिन्यांनी खुराड्यातील लहानमोठ्या प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात एक थेंब टाकावा. ज्या पिलाच्या बाबतीत ह्या खेपेचा थेंब आईच्या प्रतिपिंडांमुळे वाया जाईल, ते जगले तर पुढच्या खेपेला सापडेल.